घरात येतो, मैदानात पळतो: मोतीला हाकेवर परत यायला कसं शिकवायचं?

पत्र: आमचा मोती नऊ महिन्यांचा आहे. चार महिन्यांचा होता तेव्हा मैदानात सोडला तरी हाक मारली की धावत यायचा. आता आमच्याकडे बघतो आणि उलट्या दिशेने पळतो. पाच-सहा वेळा ओरडल्यावर येतो, पण हात पोचणार नाही एवढ्यावर थांबतो. पकडायला गेलं की सटकतो. परवा तर थेट रस्त्याच्या दिशेने पळाला. घरात मात्र पहिल्या हाकेला येतो. तो हे मुद्दाम करतो का? शॉक देणारा पट्टा घ्या, असं दोघा-तिघांनी सांगितलं आहे. घ्यावा का?

उत्तर: आधी एक काम आजपासूनच करा. मोतीला मोकळं सोडणं थांबवा, कायमचं नाही, पण काही महिन्यांसाठी. रस्त्याच्या दिशेने तो एकदा पळाला आहे आणि दुसऱ्या वेळी नशीब साथ देईलच असं नाही. पण म्हणून त्याचं धावणं बंद करायची गरज नाही. ती सोय लांब दोरीने होते, ती कशी ते पुढे येईलच.

तो मुद्दाम करत नाही. चार महिन्यांचं पिल्लू हाकेला धावत येतं, त्यात शिकवणीचा भाग थोडा आणि वयाचा जास्त असतो. त्या वयात मोकळ्या जागेची धास्ती असते, म्हणून ते आपल्या माणसाच्या पायात घोटाळत राहतं. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर ही धास्ती ओसरते, नाक कामाला लागतं, दुसऱ्या कुत्र्यांची ओढ वाढते. वयात येण्याचा हा काळ साधारण दीड वर्षापर्यंत चालतो, मोठ्या जातींत त्याहूनही लांबतो. 2020 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी अंधांच्या मदतीसाठी तयार होणाऱ्या तरुण कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचव्या महिन्यात ‘बस’ म्हटल्यावर बसणारी कुत्री आठव्या महिन्यात आपल्याच सांभाळणाऱ्याचं कमी ऐकत होती; अनोळखी माणसाच्या बाबतीत मात्र ही घसरण दिसली नाही. वर्षाची होईपर्यंत ती पुन्हा ऐकू लागली होती. मोती नेमका त्या उतारावर आहे. तेव्हा त्याचं वागणं मनाला लावून घेऊ नका.

पण सगळा दोष वयावर ढकलूनही चालणार नाही, कारण बिघाड हाकेतही आहे. गेल्या महिन्यात मैदानावर तुम्ही त्याला ज्या ज्या वेळी ‘ये’ म्हणालात, ती प्रत्येक वेळ आठवून पाहा. तो जवळ पोचल्यावर पुढच्या दोन सेकंदांत काय घडलं? बहुतेक घरांत उत्तरं सारखीच निघतात: पट्टा अडकवला, घरी नेलं, तोंडातली वस्तू काढून घेतली, ‘किती वेळ बोलावतोय’ म्हणून रागावलं. कुत्रं एखाद्या घटनेचा संबंध लगेच आधी केलेल्या कृतीशी जोडतं. पाच मिनिटं पळाल्याबद्दल तुम्ही रागावता, पण त्याच्या लेखी ती शिक्षा परत आल्याची असते. शिवाय तुम्ही सहा वेळा ओरडता, त्यातून पहिल्या पाच हाकांना काही अर्थ नाही हे तो शिकतो. आणि हात पोचणार नाही असं थांबणं हा तर त्याच अनुभवातून काढलेला शहाणा निष्कर्ष आहे: माणसाजवळ जायला हरकत नाही, पकडलं गेलं की खेळ संपतो.

हे लक्षात घेतलं की पुढचं सगळं काम एकाच गोष्टीभोवती फिरतं. हाक ऐकली आणि त्यानंतर काहीच चांगलं घडलं नाही, असा प्रसंग निदान तीन-चार महिने त्याच्यावर येऊ द्यायचा नाही. म्हणजे आल्यावर दर वेळी भरघोस मोबदला द्यायचा, आणि येणार नाही असं दिसत असेल तर हाक मारायचीच नाही. दुसरा भाग लोकांना जड जातो, पण निम्मं यश त्यातच आहे.

‘ये’ हा शब्द आता सोडून द्या. तो घरात दिवसभर कानावर पडतो आणि मैदानात झिजून गेला आहे. एरवी तुमच्या बोलण्यात न येणारा, लांबवून म्हणता येणारा शब्द घ्या. ‘धाऽव’ चालेल. त्याचं नाव हाक म्हणून वापरू नका, कारण नाव आपण कौतुकाला, रागवायला, गप्पांतही घेतो. नावाचा अर्थ फार तर ‘इकडे लक्ष दे’ एवढाच असू द्या. शिट्टी आम्हाला शब्दापेक्षाही आवडते. तिच्या आवाजात राग किंवा घाबरलेपणा उतरत नाही, ती वाऱ्यात लांब जाते आणि घरात कोणीही वाजवली तरी सारखीच वाजते. आत गोळी नसलेली प्लास्टिकची शिट्टी घ्या. एका नंबरच्या शिट्ट्यांचा सूर सारखाच असतो, म्हणून त्याच नंबरच्या दोन घेऊन ठेवा, एक हरवली तर शिकवणी अडणार नाही. वाजवण्याची पद्धत एकच ठरवा, समजा तीन छोट्या फुंका, आणि ती घरातल्या सगळ्यांना शिकवा.

मोबदला काय द्यायचा, यात कंजुषी नको. रोजच्या जेवणातले कोरडे दाणे घरात चालतील, मैदानात ते दुसऱ्या कुत्र्याच्या वासापुढे टिकत नाहीत. उकडलेलं बिनमिठाचं चिकन, शिजवलेली मासळी, थोडं चीज असं काहीतरी ओलसर आणि वासाचं हवं. तुकडा वाटाण्याएवढा किंवा त्याहून लहान, न चावता गिळता येईल असा. हा खाऊ फक्त या हाकेसाठी राखून ठेवा, एरवी द्यायचा नाही. दिवसभराचा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल ही साखरेऐवजी वापरली जाणारी गोडी असलेले पदार्थ कुत्र्याला विषारी असतात, ते अजिबात नकोत.

पहिले चार-पाच दिवस घरातच. मोती तुमच्यापासून मीटर-दोन मीटरवर असताना शब्द एकदा म्हणा किंवा शिट्टी वाजवा, आणि साधारण एका सेकंदात खाऊ त्याच्या तोंडाशी न्या. त्याने काही केलंच पाहिजे अशी अट अजून नाही. असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. इथे क्रम फार महत्त्वाचा: आधी आवाज, मग हात हलला पाहिजे. बरेच लोक हात खिशात घालता घालता हाक मारतात. मग कुत्रं हाताकडे बघायला शिकतं, आवाज मागे पडतो, आणि पन्नास मीटरवरून हात कुठे दिसणार? चार-पाच दिवसांनी तो दुसरीकडे बघत असताना एकदाच हाक देऊन पाहा. मान झटकन वळली तर पुढे जा. वळली नाही तर आणखी दोन दिवस तेच करा.

मग घरातल्या घरात खऱ्या हाका. दोघांनी दोन खोल्यांत उभं राहून आळीपाळीने बोलवा, कधी दाराआड लपून बोलवा. एका वेळी सहा-सात हाका पुरेत. तो कंटाळायच्या आधी तुम्ही थांबा.

हाताच्या अंतरावर थांबण्याचा दोष याच टप्प्यावर मोडायचा. खाऊ असलेला हात पुढे लांबवून धरलात तर तो हाताच्या टोकाशीच थांबायला शिकतो. हात आपल्या गुडघ्याला टेकवून ठेवा आणि खाऊ तिथेच द्या, म्हणजे त्याला पायाला खेटून उभं राहावं लागेल. दुसरा हात त्याच्या हनुवटीखालून गळपट्ट्याकडे न्या. डोक्यावरून नेऊ नका, डोक्यावर येणारा हात बहुतेक कुत्र्यांना चुकवावासा वाटतो. गळपट्ट्याला स्पर्श करा, मग खाऊ द्या. इथेही क्रम तोच: आधी स्पर्श, नंतर खाऊ. उलटं केलंत तर खाऊ म्हणजे पकडलं जाण्याची सूचना होते. दोन-तीन दिवसांनी गळपट्टा सेकंदभर धरा, खाऊ द्या, सोडा. मग दोन-तीन सेकंद. शेवटी पट्टा अडकवा, खाऊ द्या, पट्टा काढा आणि त्याला जाऊ द्या. पट्टा लागला म्हणजे घरी जायचं, ही त्याच्या डोक्यातली गाठ अशीच सुटते.

आता दोरी. मैदानासाठी दहा मीटर, जागा लहान असेल तर पाच मीटर. पंधरा ते वीस मिलिमीटर रुंदीची चपटी पट्टी चांगली, कारण बारीक गोल दोरी हात कापते. हाताच्या टोकाला फास आणि मध्ये गाठी नकोत, त्या झुडपांत अडकतात. दोरी गळपट्ट्याला लावायची नाही, हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या, पाठीवरच्या कडीला लावायची. तरुण कुत्रं दहा मीटर अंतर दीड-दोन सेकंदांत कापतं आणि त्या वेगाचा झटका मानेला बसला तर गंभीर इजा होऊ शकते. हातात मोजे घाला, दोरी बोटांना किंवा मनगटाला गुंडाळू नका. तो धावायला लागला तर त्याच्या दिशेने चार पावलं तुम्हीही धावा, दोरी संपू देऊ नका. दुसऱ्या कुत्र्याशी खेळताना दोरी पायांत अडकते, म्हणून सध्या दोरीवर असताना तसला खेळ टाळा. गुंडाळल्या जाणाऱ्या यांत्रिक पट्ट्याने हे काम होत नाही. तो सतत थोडा ओढत राहतो, त्यामुळे ताण कायम असतो आणि कुत्र्याला मोकळेपणा कधी जाणवतच नाही.

दोरीचं काम ओढून आणायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना नीट सांगा. ओढत आणलेलं कुत्रं स्वतः वळायला शिकत नाही, उलट मागे ताणायला शिकतं. दोरी असते ती हाक न ऐकता पळून जाण्यातली मजा त्याला मिळू नये म्हणून.

पहिल्यांदा बाहेर गेलात की पंधरा मिनिटं काहीच बोलावू नका. त्याला वास घेऊ द्या. मात्र तो आपणहून वळून तुमच्याकडे बघेल त्या प्रत्येक वेळी ‘शाब्बास’ म्हणून खाऊ द्या. न बोलावता लक्ष ठेवणारं कुत्रं बोलावल्यावर येतंच येतं, आणि या सवयीकडे फार कमी लोक लक्ष देतात. मग एखाद्या वेळी त्याचं डोकं वर असताना, तो पाच मीटरच्या आत असताना, एकदा हाक द्या. तो वळला त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा, पोचल्यावर नाही. वळायचा निर्णय हाच खरा कठीण भाग असतो आणि कौतुक तिथे पोचायला हवं. तो निघाला की तुम्ही मागे मागे जा किंवा पाठ फिरवून पळा. छाती पुढे काढून, वाकून, त्याच्या डोळ्यांत बघत उभं राहिलात की बऱ्याच कुत्र्यांचा वेग कमी होतो. पोचल्यावर पाच-सहा तुकडे एकामागून एक, दहा-पंधरा सेकंद चालतील असे द्या. एकच मोठा तुकडा दिलात तर तो घेऊन निघून जातो, एकेक करून दिलेत तर तुमच्याजवळ रेंगाळणंच फायद्याचं ठरतं. मग ‘जा’ म्हणा आणि सोडून द्या.

हे ‘जा’ फार मोलाचं आहे. दहापैकी निदान नऊ हाकांनंतर त्याला पुन्हा मोकळं करा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी 1959 साली मांडलं होतं की प्राण्याला जे करायची ओढ जास्त असते तेच कमी ओढीच्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. मोतीला झाडाच्या बुंध्याचा वास घ्यायचा आहे? तीन मीटरवरून बोलवा, आला की एक तुकडा द्या आणि लगेच त्या बुंध्याशी घेऊन जा. ज्या गोष्टीशी तुमची स्पर्धा होती ती आता तुमच्याकडून मिळू लागते. फिरणं संपवताना मात्र ही हाक वापरू नका. दोरी धरून त्याच्यापर्यंत चालत जा, पट्टा लावा, खाऊ द्या. आंघोळ, नखं कापणं, औषध यांसाठीही हाच नियम.

हाक दिली आणि दोन-तीन सेकंदांत तो वळला नाही, तर दुसरी हाक नाही. हाताने दोरी गोळा करत शांतपणे त्याच्यापर्यंत जा, खाऊ नाकाशी धरा, तीन-चार पावलं मागे येत त्याला सोबत आणा आणि एक तुकडा द्या. रागवायचं नाही. आणि मनाशी नोंद करा: अंतर किती होतं, समोर काय होतं. पुढच्या वेळी निम्म्या अंतरावरून बोलवा. नाक जमिनीत खुपसलेलं असताना हाक दिलीत, तर चूक तुमच्या निवडीत होती. दोन सेकंद थांबलात की डोकं वर येतंच.

अडचण वाढवताना अंतर आणि आसपासची गडबड एकदम वाढवू नका. नव्या, गजबजलेल्या जागी गेलात की अंतर पुन्हा तीन मीटरवर आणा. हेच लोकांच्या ध्यानात राहत नाही. घरात येतो आणि मैदानात येत नाही, याचंही कारण तेच: कुत्र्याला एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप लागू करता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या जागेत थोडं थोडं नव्याने शिकवावं लागतं. रिकामी जागा, मग ताज्या वासांचं गवत, मग लांबून जाणारी माणसं, मग पन्नास मीटरवर दुसरं कुत्रं, मग वीस मीटरवर. दहा हाकांपैकी नऊ वेळा पहिल्याच हाकेला वळला तर पुढे जा. सात किंवा कमी वेळा वळला तर एक पायरी मागे या, आठवर असाल तर तिथेच थांबा. एका फेरीत आठ-दहापेक्षा जास्त हाका मारू नका. साधारण महिनाभराने प्रगती थांबल्यासारखी वाटते, तेव्हा बहुतेक वेळा खाऊ कमी किंवा साधा झालेला असतो किंवा पायरी फार लवकर चढलेली असते. आणि कधी ऐकतो, कधी नाही असं अकारण होऊ लागलं, तर कानांची तपासणी करून घ्या. कानातला संसर्ग आणि सांध्यांचं दुखणं दोन्ही हट्टीपणासारखंच दिसतं.

शॉकचा पट्टा घेऊ नका. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये तो 2010 पासून बेकायदा आहे. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी 63 कुत्र्यांवर केलेला अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. हाकेला न येण्यासारख्या तक्रारी असलेली ही कुत्री होती, म्हणजे तुमचाच प्रश्न. बक्षिसावर शिकलेली कुत्री शॉकवर शिकलेल्यांपेक्षा पहिल्या आज्ञेला जास्त वेळा आणि जास्त लवकर प्रतिसाद देत होती. शॉक बसतो त्या क्षणी मोती ज्याच्याकडे बघत असेल, मग ते दुसरं कुत्रं असो, लहान मूल असो की तुम्ही, त्याच्याशी तो वेदना जोडू शकतो. हाकेच्या अडचणीवर मग भीतीची आणि कदाचित चावण्याची अडचण चढते.

दोरी कधी काढायची? पाच वेगवेगळ्या जागी, दुसरी कुत्री दिसत असताना, दोन आठवडे दहापैकी नऊ हाकांना तो आला पाहिजे. मग दोरी हातातून सोडून जमिनीवर घासत जाऊ द्या, गरज पडली तर तिच्यावर पाय ठेवता येतो. त्यानंतर कुंपण घातलेल्या जागी दोरी काढा, पहिल्यांदा पाचच मिनिटं, तीन हाका, मग पुन्हा दोरी. रोज दोन छोट्या फेऱ्या झाल्या तर या टप्प्याला तीन ते पाच महिने लागतील. खाऊ बंद करायचा नाही. नंतर कधी एक तुकडा, कधी सहा, कधी चेंडू, कधी नुसतं ‘जा’ असं बदलत राहा, पण कौतुक दर वेळी हवंच. आणि रस्त्याजवळ तो कितीही पक्का झाला तरी मोकळा नको. पळणाऱ्या मांजरामागे किंवा पक्ष्यामागे सुटलेलं कुत्रं बोलावून थांबवणं ही वेगळ्या तोडीची गोष्ट आहे. पाठलागाची ओढ जबर असलेली काही कुत्री आयुष्यभर दोरीवरच सुरक्षित राहतात आणि आनंदातही राहतात.

इतकं सांभाळूनही तो कधी हातातून सुटलाच, तर मागे धावू नका. त्याला ती शर्यत वाटते आणि ती तोच जिंकतो. त्याचं नाव आनंदी आवाजात एकदा घ्या आणि उलट्या दिशेने पळा, किंवा जमिनीवर बसून गवतात काहीतरी सापडल्यासारखं उकरायला लागा. बरीच कुत्री बघायला येतात. आल्यावर लगेच झडप घालू नका. खाऊ पायाशी टाका, तो खात असताना हनुवटीखालून गळपट्टा धरा, आणखी खाऊ द्या. रागाचा एक शब्दही नको, मग तुमचं काळीज कितीही धडधडत असो. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेली पट्टी आजच लावा. आणि तो सुटला त्या दिवसानंतर दोन आठवडे दोरी पुन्हा बांधा, पाच मीटरपासून.